‘आर-50’ भिंतीच्या दाव्याबाबत खुलासा

थर्माकोलच्या पोकळ ठोकळ्यांत काँक्रीट ओतून उभारलेली भिंत उष्णतारोधनात ‘आर-50’ भरते (आर-मूल्य म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप; आकडा जितका मोठा, तितके रोधन चांगले), असा दावा उत्तर अमेरिकेतील घरबांधणीच्या संदर्भात वारंवार केला जातो. तो जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही.

या पद्धतीत साचा काढून टाकला जात नाही; काँक्रीटच्या दोन्ही बाजूंस साधारण अडीच इंच जाडीचे थर्माकोल कायम राहते. तिथल्या मोजमापात त्याचे आर-मूल्य इंचाला सुमारे 4 धरतात, म्हणजे पाच इंचांचे 20 झाले. मधले सहा इंच काँक्रीट भक्कम असले, तरी रोधनात 1 ची भरही घालत नाही. एकूण मूल्य त्यामुळे 20 ते 24 च्या आसपास राहते, आणि हेही काही कमी नव्हे.

मग 50 आले कुठून? काँक्रीट उष्णता साठवून सावकाश सोडते, हा लाभ गृहीत धरून काढलेला तो ‘परिणामी’ आकडा आहे. ॲरिझोनासारख्या प्रदेशात, जिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असतो, तिथे हा लाभ खरोखर मिळतो. मात्र मिनेसोटाच्या हिवाळ्यात, आठवडेच्या आठवडे पारा गोठणबिंदूखाली असताना, उष्णता एकाच दिशेने बाहेर जात राहते व साठवणीचा उपयोग जवळपास उरत नाही. शिवाय या भिंतीत काँक्रीट आतल्या थर्माकोलमुळे खोलीपासून तुटलेले असते, ही बाब जाहिरातीत सहसा नसते.

अखंड ओतकामामुळे फटींतून होणारी हवेची गळती घटते, हा फायदा मात्र निर्विवाद आहे.