दूरसंचार कंपनी काढताय? आधी गुंठे मोजा

सरकारी दूरसंचार कंपनी काढायचा विचार असेल तर सुरुवात जमिनीपासून करा, आणि घेताना हात आखडता घेऊ नका. यंत्रं काय, मागाहूनही येतात.

पुणेकरांना याचा दाखला शोधायला लांब जायला नको: परदेशी तारा-फोनचा कारभार पाहणारा आणि पुढे टाटांना विकलेला सरकारी विदेश संचार निगम. 1927 मध्ये विलायतेशी बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र खडकीला उभारलं आणि संदेश घेणारं दौंडला. मधलं सत्तरेक किलोमीटरचं अंतर मुद्दाम ठेवलेलं. सातासमुद्रापलीकडून आलेला संदेश इथे पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की शेजारीच आपला प्रक्षेपक चालू असेल तर ग्रहणयंत्राला दुसरं काही ऐकूच येत नाही. शिवाय ही सेवा ज्या लघुलहरींवर (शॉर्ट वेव्ह) चालायची त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतात. दिवसा एक लहर चालते, रात्री दुसरी, म्हणून प्रत्येकीची अँटेना वेगळी. ही अँटेना म्हणजे गच्चीवरची काठी नव्हे. उंच मनोऱ्यांमध्ये ताणलेला तारांचा पडदाच, ज्या देशाशी बोलायचं त्या दिशेला काटकोनात. अशा चार-पाच दिशा धरल्या की अख्खं माळरान लागतं. खडकीजवळच्या दिघीला ते मिळालं.

हे सगळं काढलं कोणी? खासगी कंपनीने. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी तिचं नाव. पुढे ती समुद्री तारांच्या कंपनीत विलीन झाली, 1 जानेवारी 1947 ला सरकारने सगळा कारभार ताब्यात घेतला, त्याचं ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झालं आणि 1 एप्रिल 1986 ला विदेश संचार निगम लिमिटेड. तेव्हा ‘सरकारने घाम गाळून उभारलेलं खासगीवाल्यांच्या घशात घातलं’ असं कट्ट्यावर कोणी तावातावाने म्हणालं तर मध्येच अडवू नका. चहा त्यांच्याकडून असेल तर मुळीच नाही.

जमिनीनंतर फाटक. पावसात पाणी शिरलेले केबलचे जोड, खांब, तक्रारवही, लाइनमनची दिवाळी ही भानगड दूरसंचार खात्याच्या गळ्यात राहू द्या. तुम्ही फक्त वेशीवर बसा. देशाबाहेर जाणारा आणि बाहेरून येणारा प्रत्येक कॉल तुमच्याच हातून गेला पाहिजे. मग हिशेब असा: दोन देशांतल्या कंपन्या दर मिनिटाचा एक दर आपसांत ठरवतात आणि ज्या बाजूने जास्त कॉल निघतात ती बाजू फरकाची रक्कम दुसरीला देते. म्हणजे आपल्याकडून कॉल जितके कमी निघतील तितकं बरं. त्यासाठी जाहिरात लागत नाही, दर चढे ठेवले की पुरतं. कोथरूडच्या आईने न्यू जर्सीला दोन रिंग देऊन फोन ठेवायचा, मुलाने तिकडून उलटा लावायचा. आई खूश, पैसे वाचले. निगमही खूश, डॉलर आले. मुलाला कोणी विचारलेलं नाही.

या व्यवस्थेला सुरुंग लावू शकणारी एकच गोष्ट, ती म्हणजे इंटरनेटवरून बोलणं. त्यावर बंदी ठेवा आणि इंटरनेट मात्र स्वतःच विका. 15 ऑगस्ट 1995 ला निगमाने ते लोकांसाठी खुलं केलं. वैयक्तिक ग्राहकाला 250 तासांचे 5,000 रुपये, वेग सेकंदाला 9.6 किलोबिट. गणित करून पाहा: एक एमबीची फाइल उतरायला, सगळं सुरळीत चाललं तर, चौदा-पंधरा मिनिटं. विद्यार्थ्यांना 500 रुपयांत खातं होतं, त्यात नुसती अक्षरं दिसत. चित्र पाहायची हौस असेल तर वडिलांना गाठायचं. सगळं सुरळीत कधी चालायचं नाही ते वेगळं. मोडेम आधी नंबर फिरवणार, पलीकडे लाइन एंगेज. पुन्हा फिरवणार. मग ती ओळखीची शिट्टी, खरखर, जोडणी झाली म्हणेपर्यंत घरातलं कोणीतरी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलणार, की खेळ पहिल्यापासून. पाऊस असेल तर ओलसर जोडातून येणारी घरघर मोडेमला पुरायची, तो आपणहून मान टाकायचा. आणि फोनचं मीटर वेगळं पडत असायचं, त्याचं बिल खात्याचं. सुरुवातीची ही दैना पाहून निगमाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी जाहीरपणे चूक कबूल केली. तुम्ही हा पायंडा पाडू नका.

फाटक कधी ना कधी उघडावं लागतं. 1998 मध्ये खासगी इंटरनेट कंपन्यांना वाट मिळाली. परदेशी कॉलची मक्तेदारी 2004 पर्यंत राहील असं ठरलं होतं, ती 1 एप्रिल 2002 लाच संपली, आणि इंटरनेटवरून बोलायलाही त्याच दिवसापासून परवानगी मिळाली. विक्रीचा मुहूर्त याच्या जरासा आधीचा धरा. फेब्रुवारी 2002 मध्ये 25 टक्के हिस्सा आणि कारभार टाटांच्या पॅनाटोनला 1,439 कोटी रुपयांना गेला. तीन महिने होतात न होतात तोच निगमाने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये 1,200 कोटी गुंतवायचं ठरवलं आणि दूरसंचारमंत्री प्रमोद महाजन भडकले. तेव्हा घर विकलंत तर नव्या मालकाने तिजोरी उघडली म्हणून आरडाओरड करायची तयारी आधीपासून ठेवा. स्वतःकडे 26 टक्के जरूर ठेवा. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यामुळे पावापेक्षा जरा जास्त हिस्सा हाती असला की काही करता आलं नाही तरी अडवता येतं.

आता जमीन. जुन्नरजवळच्या आर्वीला 1971 मध्ये उपग्रह केंद्र झालं, मग समुद्राखालच्या केबल आल्या आणि दिघीच्या माळाचं काम हळूहळू संपलं. विक्रीच्या वेळी पुणे, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई मिळून 773.13 एकर ‘जादा’ निघाली. त्यातली एकट्या पुण्याची 524 एकर, म्हणजे 20,960 गुंठे. करारात लिहिलं: ही विक्रीत धरायची नाही, वेगळ्या कंपनीत काढायची. लिहिणं सोपं होतं. मुद्रांक शुल्क कोणी भरायचं, कर कोणावर बसणार, शेअर कोणाला किती, यात वर्षं गेली. त्यासाठीची हेमिस्फिअर प्रॉपर्टीज ही कंपनी 2005 मध्ये स्थापन झाली आणि शेअर बाजारात आली ऑक्टोबर 2020 मध्ये. तोवर विदेश संचार निगमाचं टाटा कम्युनिकेशन्स होऊन बारा वर्षं लोटली होती. जमीन मार्गी लागल्यावर, मार्च 2021 मध्ये, सरकारने उरलेला 26.12 टक्के हिस्साही विकला. दोन दशकांच्या या दिरंगाईत आसपासच्या गुंठ्याचा भाव कुठून कुठे गेला ते दिघी-विश्रांतवाडीच्या कोणत्याही एजंटाला विचारा. इतकं किफायतशीर काहीच न करणं दुसऱ्या कुठल्या खात्याला जमलं असेल असं वाटत नाही.

तेव्हा कंपनी काढाल तेव्हा मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड रोवा, कुंपण घाला, अतिक्रमणावर नजर ठेवायला एक पहारेकरी नेमा. बाकी दूरसंचाराचं तुम्ही पाहालच. राहता राहिला प्रश्न त्या हेमिस्फिअरचा शेअर घ्यावा की नाही हा. तो सल्ला इथे मिळणार नाही, त्याला सेबीची नोंदणी लागते.