पडद्यावर फिरणारा प्रत्येक गिअर मागावर फिरत नाही

सोलापुरातल्या यंत्रमागवाल्यांच्या आणि डिप्लोमाच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गिअरच्या ॲनिमेशनसोबत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. चित्र दर वेळी वेगळं असतं. कधी चौकोनी गिअर, कधी बदामाच्या आकाराचे, कधी रिंगणात गुंफलेले डझनभर. खालचा दावा मात्र ठरलेला: पडद्यावर एकही दात अडकत नाही म्हणजे रचना बरोबर आहे, गिअर कितीही जोडून रिंगण पूर्ण करता येतं, अशा गिअरने मागाचा ठोक (फणीने आडवा धागा कापडात दाबणं) जोरात बसतो, डिझाइन तयारच आहे, थ्रीडी प्रिंट काढा आणि लावा, मग एक हॉर्सपॉवरच्या जागी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर पुरते.

यावर विसंबून कोणी मोटर बदलली किंवा कास्टिंगसाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करून घेतला, तर पैसा त्याच्याच खिशातून जातो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार-सहा मागांवर घर चालवणाऱ्याला तो परवडणारा नाही. म्हणून दाव्यातला एकेक मुद्दा तपासू.

“एकही दात अडकत नाही, म्हणजे रचना बरोबर”

बहुतेक ॲनिमेशनमध्ये एक गिअर दुसऱ्याला ढकलतच नसतो. करणारा प्रत्येक चाकाला स्वतंत्र वेग देतो: हे चाक सेकंदाला ६० अंश, ते उलट दिशेने ३० अंश. दात एकमेकांना भिडतात की आरपार जातात, हे सॉफ्टवेअर आपणहून तपासत नाही. अडकण्याची सोयच नसलेल्या जागी ‘अडकत नाही’ याला पुरावा म्हणता येत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सारख्या दातांचा गिअर अखंड फिरतो असं दाखवायला पूर्ण फेरा काढावा लागत नाही. २४ दातांचा गिअर १५ अंश, म्हणजे एक दात, पुढे न्यायचा आणि पुन्हा पहिली फ्रेम लावायची. डोळ्याला तो तासन्‌तास फिरताना दिसतो. प्रत्यक्षात त्या चाकाने एक फेराही पूर्ण केलेला नसतो. आणि चाक किंचित बाहेरकेंद्री असणं, परिघावर दात पूर्ण न बसणं, एखादा दात दुसऱ्याच्या मुळाशी घासणं हे दोष तर पूर्ण फेऱ्यातच उघडे पडतात.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. यूट्यूबवरचा व्हिडिओ असेल तर संगणकावर उघडून थांबवा. स्वल्पविरामाच्या कळीने एक फ्रेम मागे आणि पूर्णविरामाच्या कळीने एक फ्रेम पुढे जाता येतं. दोन्ही चाकांचे दात मोजा. २० आणि ४० असतील, तर मोठ्याच्या एका फेऱ्यात लहान्याचे बरोबर दोन फेरे व्हायला हवेत. शेजारची चाकं उलट दिशांनीच फिरायला हवीत. मग दोन्ही केंद्रं जोडणारी रेघ मनात ओढा आणि तिच्या आसपासचे दात बघा: टोकं एकमेकांच्या अंगात घुसलेली दिसतात का, की मध्ये उजेड राहतो? शेवटी शाफ्ट, बेअरिंग आणि चावी (चाक शाफ्टला पक्कं धरणारी पाचर) शोधा. चाक हवेत तरंगत असेल तर त्याच्यावर येणारा भार कुठे जातो, हे त्या चित्राने सांगितलेलंच नाही.

दातांचा आकारही बघा. त्रिकोणी किंवा चौकोनी ठोकळ्यांसारखे दात पडद्यावर देखणे दिसतात. पण अशा दातांनी दर दाताला वेग थोडा कमी-जास्त होतो आणि फेऱ्यांची गती वाढली की खडखड सुरू होते. इन्व्होल्यूट, म्हणजे विशिष्ट वक्र कडांचे, दात वापरतात ते यासाठीच. त्यात वेगाचं गुणोत्तर कायम राहतं, आणि केंद्रांमधलं अंतर किंचित चुकलं तरी ते बदलत नाही. त्रिकोणी दात मुळात चालतच नाहीत असं मात्र नाही. १९०१ साली ग्रीसजवळच्या समुद्रातून वर काढलेल्या अँटिकिथेरा यंत्रातली काशाची चाकं त्रिकोणी दातांचीच आहेत. पण ते यंत्र हाताने हळू फिरवायचं आणि भार नगण्य. मागावर परिस्थिती नेमकी उलटी असते.

“गिअर कितीही जोडा, रिंगण पूर्ण करा”

एकाच प्रतलात तीन चाकं अशी ठेवली की प्रत्येक बाकीच्या दोघांना भिडेल, तर ती जाम होतात. पहिलं उजवीकडे, दुसरं डावीकडे, तिसरं पुन्हा उजवीकडे. आणि तिसरं पहिल्याला भिडलेलं असल्याने त्याने डावीकडेही फिरायला हवं. रिंगणातली संख्या विषम असेल तर हे प्रत्येक वेळी होतं. १९९८ मध्ये चलनात आलेल्या ब्रिटनच्या दोन पौंडांच्या नाण्याच्या जुन्या, २०१५ पर्यंतच्या नक्षीत १९ चाकांचं रिंगण होतं, आणि ते याच कारणाने फिरू शकत नाही. चाकं एका प्रतलात न ठेवता एकमेकांतून ओवलेल्या तिरक्या कड्यांसारखी रचली तर तीनचं रिंगणही फिरतं, पण त्या दातांचा हिशोब सर्वस्वी वेगळा आहे.

संख्या सम असली की काम झालं, असंही नाही. प्लॅनेटरी संचाचं उदाहरण घ्या: मधलं चाक २० दातांचं, भोवतीची तीन-चार चाकं २५ ची, बाहेरची रिंग ७० ची. २० अधिक ७० म्हणजे ९०. तीन चाकं लावायची तर ९० ला ३ ने भाग जातो, ती समान अंतरावर बसतात. चार लावायची तर २२.५ येतात, मग समोरासमोरची दोनच बसतात; उरलेल्या दोन जागी दातासमोर दात येतो, खाच येत नाही. पडद्यावर चारही सुरेख फिरताना दिसतात. असेंब्लीच्या टेबलावर दोन चाकं हातातच राहतात.

“चौकोनी गिअरने ठोक जोरात बसतो”

इथे आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. गोल नसलेले गिअर म्हणजे थाप नव्हे. तेल आणि इंधन मोजायच्या मीटरमध्ये लंबगोल गिअरची जोडी रोज काम करते. नियम दोन आहेत: भिडण्याच्या बिंदूपासून दोन्ही केंद्रांपर्यंतच्या अंतरांची बेरीज कायम राहायला हवी, आणि तो बिंदू केंद्रं जोडणाऱ्या रेघेवरच असायला हवा. चौकोनी जोडीत एकाचा कोपरा दुसऱ्याच्या बाजूच्या मध्याला भिडतो, म्हणून हिशोब जुळतो. खऱ्या चालणाऱ्या जोडीत बाजू सरळ नसतात आणि कोपरे गोलसर असतात. अगदी काटकोनी, सरळ कडांचे चौकोन फिरताना दिसले तर ते नुसतं चित्र समजा.

आता ठोकाचं बघू. फणी एका पिकला (आडव्या धाग्याच्या एका फेकीला) एकदा पुढे येऊन ठोक देते आणि फणी हलवणाऱ्या क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक. चौकोनी जोडी एका फेऱ्यात चार वेळा वेग वाढवते आणि चार वेळा कमी करते. त्यातली एकच वाढ ठोकाच्या वेळी येईल. उरलेल्या तीन नुसता कंप वाढवतील, त्याही आडवा धागा नेणारा धोटा शेडमधून, म्हणजे ताण्याच्या उघडलेल्या धाग्यांमधून, जात असताना. ठोकासाठी वेग फेऱ्यात एकदाच वाढवायचा असेल, तर नाभीवर शाफ्ट बसवलेली लंबवर्तुळाची जोडी हवी. ०.२ विकेंद्रतेच्या (लंबवर्तुळ किती चपटं याचं माप) जोडीत वेग ०.६७ पट ते १.५ पट बदलतो. फणी मागे असताना तो कमी ठेवला तर धोट्याला वेळही जास्त मिळतो. कल्पना चांगली आहे, पण तिची किंमत आहे. ठोकाच्या क्षणी वेग १.५ पट झाला की क्रँकपिन, क्रँक आर्म आणि बेअरिंगवरचा जडत्वाचा जोर २.२५ पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. जुन्या मागाची फ्रेम आणि बुश तो झेलायला केलेले नाहीत.

टेरी टॉवेलच्या मागावर तर हा उपाय लागूच पडत नाही. तीन पिकी टेरीत पहिले दोन पिक फणी अलीकडेच सोडते आणि तिसऱ्याला पूर्ण ठोक देते. तिन्ही पिक एकदम पुढे सरकतात आणि लूप उभे राहतात. म्हणजे दर पिकची चाल वेगळी. ती तीन पिकला एक फेरा घेणाऱ्या कॅमनेच (उंचसखल कडेच्या चाकाने) मिळते. दर फेऱ्याला तीच चाल देणारी गिअरची जोडी क्रँकवर कशीही लावली तरी हे साधणार नाही.

मागावरच्या साध्या गोल चाकांतही ॲनिमेशन न दाखवणारी एक गोष्ट आहे. साध्या टॅपेट (कॅमवर चालणाऱ्या) मागाचा बॉटम शाफ्ट, म्हणजे धोटा फेकणारा खालचा दांडा, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, गुणोत्तर नेमकं १:२. त्यामुळे क्रँक व्हीलचे ठरावीक दात बॉटम व्हीलच्या ठरावीक दोन जागांनाच भिडतात. पिकिंगचा, म्हणजे धोटा फेकण्याचा, झटका दर वेळी क्रँक व्हीलच्या त्याच चार-दोन दातांवर येतो. चित्रात सगळे दात सारखे चमकतात. उतरवलेल्या चाकावर एकाच पट्ट्यातले दात धारदार झालेले असतात आणि बाकीचे जवळजवळ कोरे. तुटतात तेही तिथेच. नवीन चावीघाट (चावीची खाच) पाडून चाक शाफ्टवर थोडं फिरवून बसवलं की झटका न झिजलेल्या दातांवर जातो आणि चाकाचं आयुष्य वाढतं. मात्र टायमिंग पुन्हा लावावं लागतं.

“डिझाइन तयार आहे, प्रिंट काढा आणि लावा”

चित्र म्हणजे डिझाइन नव्हे. गिअर कापणारा तुम्हाला मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप), दातांची संख्या, प्रेशर अँगल (दात एकमेकांना ढकलतात तो कोन), रुंदी, बोअर (मधलं भोक) आणि चावीघाट विचारणार. मोड्यूल ३ चे २० आणि ४० दातांचे गिअर घ्या: पिच व्यास (दात जिथे भिडतात त्या वर्तुळाचा) ६० आणि १२० मिमी, केंद्रांमधलं अंतर ९०, बाहेरचे व्यास ६६ आणि १२६, दाताची खोली ६.७५. दातांमध्ये साधारण ०.१२ ते ०.१५ मिमी मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर गरम झाल्यावर चाकं आवळतात. २० अंश प्रेशर अँगलला १७ पेक्षा कमी दात घेतले तर दाताचं मूळ कापलं जाऊन दात कमजोर होतो. ॲनिमेशनमधला आठ दातांचा गोंडस पिनियन (लहान गिअर) म्हणूनच फसवा असतो.

घरगुती थ्रीडी प्रिंटरची चूक ०.१ ते ०.२ मिमीपर्यंत सहज जाते, म्हणजे ठेवलेली मोकळीक तिथेच संपते. पीएलए (अशा प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि त्याआधीही सततच्या दाबाखाली हळूहळू वाकतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि दातांच्या घर्षणाची उष्णता वेगळीच. प्रिंटचा खरा उपयोग चाल तपासायला होतो: चाकं आडवी ठेवून छापा, म्हणजे थर दातांच्या मुळाशी सुटणार नाहीत; दोन खिळ्यांवर नेमक्या अंतरावर बसवा; एकच चाक हाताने फिरवून किमान दोन पूर्ण फेरे घ्या. कुठे जड लागलं तिथे खूण करा. मागावर लावण्याची ती वस्तू नाही.

गोल गिअर हॉबिंगवर (गिअर कापण्याच्या यंत्रावर) निघतो. मिलिंगवर डिव्हायडिंग हेडने (चाक नेमक्या अंशांनी फिरवणाऱ्या साधनाने) कापायचा तर ४०:१ च्या हेडला ३२ दातांसाठी दर दाताला हँडलचा एक फेरा आणि २४ भोकांच्या वर्तुळावर ६ भोकं. गोल नसलेला गिअर साध्या हॉबिंगवर निघत नाही, कारण तिथे चाक एकसारख्या वेगाने फिरतं. त्याला वायरकट (तारेच्या ठिणगीने कापणारं यंत्र) किंवा सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) लागतं आणि खर्च त्याच हिशोबाने चढतो.

“अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर पुरते”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. गिअर ताकद वाढवतो हे खरं, पण तेवढाच वेग काढून घेतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. मिनिटाला ९६० फेऱ्यांची मोटर त्यातून साधारण ७.४ न्यूटन-मीटर पिळ (फिरवण्याचा जोर) देते. क्रँक १२० फेऱ्यांनी चालवायचा तर गुणोत्तर ८, आणि क्रँकवर साधारण ५९ न्यूटन-मीटर. मोटर अर्धी केली तर पिळ ३.७ वर येतो. क्रँकवर तेच ५९ हवे असतील तर गुणोत्तर १६ करावं लागेल, आणि क्रँक मिनिटाला ६० फेरे घेईल. पिक निम्मे, कापड निम्मं. कापडाच्या दर मीटरला लागणारी वीज तेवढीच राहते, उलट थोडी वाढते, कारण दातांची प्रत्येक चांगली जोडीही साधारण २ टक्के शक्ती घर्षणात घालवते. तीन जोड्यांनंतर ९४ टक्के उरते.

आकार चौकोनी असो की बदामी, हा हिशोब बदलत नाही. गोल नसलेला गिअर शक्ती फेऱ्यात वेगळ्या जागी वाटतो, नवी तयार करत नाही.

कोणी बचतीचा दावा घेऊन आलं तर त्याच्यासमोरच मोजा. बाकीचे माग आणि दिवे बंद ठेवा. विजेच्या मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं; समजा ३२०० आहे. लाल दिवा दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते बघा. १५ सेकंद लागले तर माग ०.७५ किलोवॉट घेतो आहे. नवा गिअर लावून तोच बीम (ताण्याचा रूळ), तेच कापड, मिनिटाला तेवढेच पिक ठेवून पुन्हा मोजा. पिक मोजायला विसरू नका, कारण वेग उतरला की आकडा आपोआप कमी दिसतो.