शहराला नवं हृदय बसवून मिळेल

सगळ्यात आधी शहराचा मध्य मेल्याचं जाहीर करा. उत्साहाच्या भरात ही पायरी बऱ्याच जणांकडून राहून जाते आणि मग निधी मागायला मंत्रालयात गेल्यावर पंचाईत होते. जिवंत माणसाच्या तेराव्याला कोणी पैसे देत नाही.

तुम्ही कोकणातल्या एखाद्या नगरपरिषदेचे नवे नगराध्यक्ष असाल, किंवा गावाचं भलं करायचं नुसतंच मनावर घेतलेले गृहस्थ असाल, तर पाहणीसाठी सकाळी दहाला बाजारपेठेत जाऊ नका. त्या वेळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. वाडीवाडीतून पहिल्या एसटीने आलेल्या बायका लाल माठाच्या जुड्या, ओले काजूगर आणि सुरंगीचे वळेसर घेऊन गटाराच्या कडेला बसलेल्या असतात. ओट्यांवर बांगड्याचा भाव दोन्ही बाजूंनी ओरडून ठरत असतो. असला फोटो प्रस्तावाला जोडलात तर ‘मृत शहर-केंद्राचे पुनरुज्जीवन’ कोण मंजूर करील? दुपारी अडीचला जा. एक ते चार या वेळात कोकणातली कुठलीही बाजारपेठ वैद्यकीयदृष्ट्या मृतच असते. एक कुत्रं, एक बंद शटर आणि लांबवर एक छत्री एवढं फोटोत आलं की काम झालं.

बाजारपेठ खरोखरच कशाने खंगते आहे याच्या खोलात शिरू नका. तिथे सगळी कंटाळवाणी कारणं आहेत. रेल्वे स्टेशन गावाबाहेर, हायवे गावाच्या डोक्यावरून पुलाने गेलेला. पेठेतली माडीची घरं कुलपात, कारण सातबारावर सतरा नावं आणि त्यातली चौदा मुंबईत. बाजाराला येणाऱ्या बाईला दिवसभरात एकदा जायला नीट स्वच्छतागृह नाही. यातलं एकही कारण त्रिमितीय चित्रात सुंदर दिसत नाही. स्वच्छतागृहाच्या लोकार्पणाला मंत्री येत नाहीत. आलेच तर फोटो कुठे काढायचा हा प्रश्न उरतोच.

आता सल्लागार नेमा. तो पुण्या-मुंबईचाच हवा. गावातला अभियंता नेमलात तर तो पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं ते सांगत बसेल. चांगल्या सल्लागाराच्या सादरीकरणात चौथ्या पानावर बिलबाओ येतं. नाही आलं तर पैसे परत मागा. स्पेनमधलं हे जुनं बंदर, पोलाद आणि जहाजांचे कारखाने बसले म्हणून मरायला टेकलं होतं. १९९७ साली तिथे फ्रँक गेरींनी रचलेलं टायटॅनियमने मढवलेलं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं, पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त लोक आले आणि शहर उठून चालायला लागलं, अशी ही कथा आहे. तिच्यात एवढंच गाळायचं, की त्याच सुमारास बिलबाओने नदी स्वच्छ करायला घेतली होती, १९९५ साली मेट्रो सुरू केली होती आणि बंदर नदीच्या मुखाकडे हलवून मधली जागा मोकळी करत आणली होती. म्हणजे संग्रहालय त्या सगळ्या कामात शोभून दिसलं. पण मेट्रो आणि मलनिस्सारण आपल्या आवाक्यातलं नाही, म्हणून आपण शोभेपासून सुरुवात करायची. शिवाय योगायोग बघा: आपला सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तोही १९९७ सालीच. त्यांनी इमारत बांधली, आपण जाहीर केलं. दोघांचाही तेव्हापासून अभ्यास होतो.

सभेत एखादा निवृत्त मास्तर उठून शेफिल्डचं नाव काढण्याची शक्यता असते. इंग्लंडातल्या या शहरात मार्च १९९९ मध्ये पॉप संगीताचं राष्ट्रीय केंद्र उघडलं. चकचकीत पोलादाचे चार अवाढव्य ढोल, अशी इमारत. वर्षाला चार लाख लोक येतील असा हिशेब होता. लोक त्याच्या जवळपासही आले नाहीत आणि पुढच्याच वर्षी, २००० साली, केंद्र बंद झालं. ते ढोल पुढे विद्यार्थी संघटनेच्या ताब्यात गेले. वेस्ट ब्रॉमविचमध्ये २००८ साली उघडलेलं ‘द पब्लिक’ नावाचं कलाकेंद्र २०१३ ला बंद झालं, तिथे आता कॉलेज भरतं. मास्तरांना शांतपणे सांगा, की तिकडे पाऊस फार पडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीतही हे उत्तर चालून जातं. सभेत कोणी आकडे पडताळत नाही, चहा आलेला असतो.

विषय निवडताना एक पथ्य पाळा: जी गोष्ट आपल्याकडे आधीच आहे तिची प्रतिकृती करायची. खऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, ते पुरातत्त्व खात्याचं काम. उदाहरणार्थ कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, प्राचीन माणसाने जांभ्यात कोरलेली चित्रं उघड्यावर पडलेली आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी भरलेले. गावच्या काही वेड्या मंडळींनी पायपीट करून, गुराख्यांना विचारून विचारून ही शिल्पं शोधली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथे जायला रस्ता, सावली, पाणी आणि दोन शब्द समजावून सांगणारा गावातला पोरगा एवढं केलं तरी भागेल. पण मग शहराच्या मध्याचं काय? म्हणून बाजारपेठेत फायबरचा हत्ती करायचा. आत दिवे, सोंडेतून कारंजं, आणि समोर ‘आय लव्ह’ची लाल अक्षरं. कशेळीला जायचे कष्ट वाचले म्हणून पर्यटक तुम्हाला दुवा देतील.

थिबा राजाही वापरता येतो. ब्रिटिशांनी १८८५ साली ब्रह्मदेशाचं सिंहासन काढून घेतलेला हा राजा पुढच्या वर्षी रत्नागिरीत आला, १९१० साली बांधून झालेल्या राजवाड्यात राहायला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. एवढी मोठी कहाणी घरात असताना येणारा पाहुणा थिबा पॉइंटवर उभा राहून भाट्याच्या खाडीचा फोटो काढतो आणि निघून जातो. म्हणजे राजापेक्षा खाडी जास्त चालते, हे बाजाराने ठरवलेलं आहे. तेव्हा तुम्हीही पॉइंटच करा. कहाणीला माणूस लागतो, पॉइंटला रेलिंग पुरतं.

जागा कोणती, हा प्रश्न वरवर अवघड वाटतो. ज्या जागेवर लोक फुकट जमतात तीच घ्यायची. जुनी मासळी मंडई असेल तर उत्तम. बायकांना ‘तात्पुरतं’ पुलाच्या बाजूला हलवा. त्यातली एखादी विचारील, “साहेब, मगे आमी खंय बसाचां?” त्यावर नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेला ‘अनौपचारिक विक्रेता कोपरा’ दाखवा. तो कोपरा दुसऱ्या टप्प्यात आहे, हे तिला आत्ताच सांगायची गरज नाही. पूररेषेची निळी रेघ मध्ये आली तर नकाशाचा रंग फिका करून छापा. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून उभं आहे. २००५ आणि २०२१ या दोन पुरांनी त्याची पुस्तकं नेली, आणि लोकांनी ते दोन्ही वेळा परत उभं केलं. पण ते वाचनालय होतं, त्याला लोक होते. तुमच्या केंद्राला विमा पुरे.

इमारतीविषयी माझा आग्रह एकच: कौलारू उतरतं छप्पर अजिबात नको, ते मागासलेपणाचं लक्षण आहे. सपाट स्लॅब घाला. दुसऱ्या पावसाळ्यात तो गळू लागला की वर निळ्या पत्र्याची शेड मारा. कोकणातल्या प्रत्येक सरकारी इमारतीची ही अंतिम वास्तुशैली आहे, तिला नाव द्यायचं कोणाला सुचलेलं नाही. दर्शनी बाजूला काच लावा. चिरे, पडवी, आडवे वारे घेणाऱ्या खिडक्या हे सगळं खाडीकाठच्या दमट हवेचा विचार करून आजोबांनी केलेलं होतं, आणि आजोबांकडे एसी नव्हता. लोखंड भरपूर वापरा. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं ही अफवा इथल्या होडीवाल्यांनी पसरवलेली आहे. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नटबोल्ट गंजताहेत असं पत्र बांधकाम खात्याने त्याच्या काही दिवस आधीच दिलेलं होतं. नंतर ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचं कारण सांगण्यात आलं. समुद्राकाठी वारा असतो ही माहिती अशा रीतीने अधिकृत झाली. अंदाजपत्रकात तिचा उल्लेख टाळा.

आत एक नाट्यगृह ठेवाच, सांस्कृतिक शब्दाला ते लागतं. खुर्च्या आठशे, मखमली. रंगमंचाची खोली मात्र बेताची, विंगेत एकच माणूस आडवा होऊन उभा राहील एवढी, आणि सेटचा ट्रक मागे लागेल असं दार कुठेच नाही. राज्य नाट्य स्पर्धेला नाटक बसवणारी गावातली पोरं नकाशा बघायला मागतील. त्यांना तो दाखवू नका. ती लगेच ‘मेकअप रूममध्ये नळ कुठे आहे’ वगैरे कलाबाह्य शंका काढतात. भाडं असं ठेवा की लग्नाच्या स्वागत समारंभालाच परवडेल.

दशावतारी मंडळी भाडं ऐकून परत जातील, तर जाऊ द्या. त्यांचं काही अडत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की एक पेटारा, एक हार्मोनियम, मृदंग, झांज आणि देवळापुढचं एक बाकडं एवढ्यावर ते रात्र उजाडवतात. त्याच बाकड्यावर कैलास, त्याच बाकड्यावर इंद्रसभा. लिहिलेली संहिता नाही, उभ्या उभ्या संवाद. पहाटेपर्यंत पोरंबाळं घेऊन गाव बसलेला असतो आणि बाहेर खाज्याचा आणि मालवणी भज्यांचा धंदा जोरात. अशा प्रकारात डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, कशाचा करणार? सल्लागाराची टक्केवारी कशावर काढणार, बाकड्यावर?

सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावाचं उदाहरण तर लपवूनच ठेवा. तिथे परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. ठाकर समाजाची, चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, आणि समोर बसवून खेळ करून दाखवणारा घरचाच माणूस. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात संग्रहालय होऊ शकतं हे एकदा लोकांना कळलं, की पुढचा प्रश्न ते आपल्या काचेच्या इमारतीकडे बघून विचारतील.

पैशाची बाजू सोपी आहे. बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. जिल्हा नियोजनातून, पर्यटनातून, नगरविकासातून बांधकामाला काही ना काही बसवता येतं. चालवणं म्हणजे वीजबिल, सफाई, ग्रंथपाल, दिवे दुरुस्त करणारा इसम आणि वर्षभराचे कार्यक्रम. त्याला लेखाशीर्ष नसतं. म्हणून प्रस्तावात ‘केंद्र स्वयंपूर्ण राहील’ हे वाक्य टाका. कसं राहील हे विचारायची पद्धत नाही. संग्रहालयाला अभिरक्षकाचं पद मंजूर होणार नाही. त्याचा अतिरिक्त कार्यभार घरपट्टी वसुलीच्या लिपिकाकडे द्या. तो बिचारा मार्चअखेरीस कुलूप लावून वसुलीला जाईल, आणि मे महिन्यात, नेमके चाकरमानी आणि पर्यटक आलेले असताना, त्याची निवडणुकीच्या कामाला नेमणूक होईल. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चाललं आहे ते कसं, याची चौकशी करू नका. तिथे वर्गणीदार, पदाधिकारी आणि सेवक अशी माणसं निघतील, आणि तुमचा प्रस्ताव इमारतीचा आहे.

लोकार्पणावर मात्र जीव ओता. सगळ्या प्रकल्पात विचारपूर्वक झालेली गोष्ट कोनशिला हीच असते. पालकमंत्री वर की खासदार वर, माजींचे फोटो ठेवायचे की नाही, ‘प्रमुख उपस्थिती’ आणि ‘सन्माननीय उपस्थिती’ यात मोठं कोण, यावर जेवढी चर्चा होते तेवढी ड्रेनेजवर झाली असती तर तळघरात पाणी आलं नसतं. आचारसंहितेच्या आदल्या दिवशी, रंग ओला असताना, उद्घाटन करा. लिफ्ट चालू नसेल तर तिला फुलांच्या माळा लावा. माळा काढून कोणी लिफ्टचं बटण दाबत नाही.

पहिल्या वर्षी कारंजं चालेल. दुसऱ्या वर्षी मोटर जळेल आणि टाकीत डास होतील. तिसऱ्या वर्षी हत्तीची सोंड पडेल. तोवर पुढच्या अंगणात, सावलीला, पुलाच्या बाजूला हलवलेल्या बायका एकेक करून परत येऊन बसलेल्या असतील. काचेच्या भिंतीला टोपल्या टेकवून, फरशी थंड आहे म्हणून खूश. गर्दी वाढेल, गजाली रंगतील, आणि केंद्राच्या आवारात पहिल्यांदाच लोक दिसतील. हे ताबडतोब अतिक्रमण म्हणून नोंदवा. दुपारी अडीचला जाऊन फोटो काढा आणि पुनरुज्जीवनाचा नवा प्रस्ताव पाठवा. सल्लागार जुनाच ठेवा, त्याला जागा माहीत आहे.