झोपाळ्यावरच्या काड्या

कोकणात घर असलेल्या माणसाकडे पुण्याच्या ऑफिसात लोक जरा असूयेनं बघतात. "मे महिनाभर गावाहून काम करतो" असं मी म्हटलं, तेव्हा साहेबांच्या डोळ्यांपुढे पडवीतला झोपाळा, मांडीवर लॅपटॉप आणि हाताशी हापूस असं चित्र उभं राहिलेलं मला स्पष्ट दिसलं. खोटं कशाला बोला, माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं. त्या चित्रात भिंत काढायची तेवढी राहून गेली होती.

आमचं घर गुहागरकडचं, आजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, जाडी दीड फूट. या दगडाला 1807 साली फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं 'लॅटेराइट' हे नाव दिलं, म्हणजे लॅटिनमधली वीट. मलबारात त्यानं बघितलं की हा दगड खाणीत मऊ असतो, खुशाल कापावा, आणि वारा लागला की कडक होतो. बरोबरच आहे. आमच्या घराण्यातली माणसंही अशीच आहेत. पण बुकाननला या दगडापलीकडे बसून मीटिंग करायची नव्हती.

फायबर जोडायला आलेल्या मुलानं राउटर लावला माजघरात, कारण इन्व्हर्टरचा प्लग तिथे. शेजारी लोखंडी कपाट, त्याला पुरुषभर आरसा. लोखंड काय किंवा आरशामागचा मुलामा काय, वायफायला पुढे जाऊ न देता आल्या वाटेनं परत पाठवतात. त्यातून काही उरलंच तर पुढे माजघराची भिंत, मग ओटीची भिंत, आणि मग माझा झोपाळा.

पहिल्या दिवशी मी झोपाळ्यावरून ओरडलो, "आई, इथे एक काडी नाहीये!"

"देवघरात काडेपेटी आहे, घे की," आतून उत्तर आलं.

मग मी लॅपटॉप हातावर धरून अख्खं आवार पालथं घातलं. तुळशीपाशी तीन काड्या, कारण माजघराची खिडकी त्या बाजूला. रातांब्याखाली दोन. विहिरीपाशी एक, तीही येऊन-जाऊन. झोपाळ्यावर फक्त गोल गोल फिरणारं चक्र. आठवडाभर मी मीटिंग तुळशीपाशी उभ्यानं केल्या. एका मीटिंगमध्ये "साहेब, ऐकू येतंय का?" म्हणत मागे मागे सरकलो, तो थेट वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांत. टाचा लालभडक. आई जे बोलली ते मात्र पुण्यात सगळ्यांना अगदी स्पष्ट ऐकू गेलं.

सल्ला द्यायला शेजारचे अण्णा तयारच होते. त्यांनी राउटरचे दोन्ही अँटेना झोपाळ्याच्या दिशेनं बंदुकीसारखे रोखले. होतं ते फिरणारं चक्रही गेलं. अँटेनाच्या टोकातून फारसं काही निघतच नाही; लहरी बाजूनं पसरतात, उभ्या काठीत ओवलेल्या मेदूवड्यासारख्या. अण्णांनी त्या वड्याचं भोक माझ्याकडे केलं होतं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मागे परात लावा, लहरी पुढे ढकलल्या जातील. हे शास्त्राला धरून आहे, पण परात पुरणाची होती आणि त्या दिवशी पाहुणे होते.

मग मी रिपीटर आणला. माझ्या अकलेप्रमाणे तो लावला झोपाळ्याच्या डोक्यावर. अहाहा! मोबाइलवर पूर्ण काड्या. आणि नेट? नाव नको. कारण रिपीटर म्हणजे गावातला बातम्या पोचवणारा माणूस. त्याला स्वतःला नीट ऐकू आलं, तर तो पुढे नीट सांगणार. मी त्याला जिथे बसवला तिथे त्यालाच काही ऐकू येत नव्हतं, मग तो ते काहीच-नाही खड्या आवाजात मला सांगत होता. शिवाय ऐकायला आणि बोलायला त्याला तोंड एकच, म्हणून वेग निम्मा. तो अर्ध्या वाटेवर लावायला हवा होता, पण अर्ध्या वाटेवर आमच्याकडे भिंतच येते.

शेवटी भाचा आला. कॉम्प्युटरवाला. त्यानं मोबाइलवर सिग्नलची ताकद मोजून सांगितलं, "मामा, झोपाळ्यावर उणे 84 आहे. उणे 60 तरी हवं."

"उणेच हवंय तर आहे ते काय वाईट?" आईचा प्रश्न मला रास्त वाटला. भाच्यानं समजावलं की दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते, म्हणजे मला हवंय त्याच्या अडीचशेवा हिस्सा झोपाळ्यावर पोचतोय. त्यानं मोबाइल पाच गिगाहर्ट्झवरून 2.4 वर आणला. हा वेगानं कमी, पण भिंतीतून जरा चिवटपणे घुसतो. उणे 78. "आता हवेवर विसंबायचं नाही," तो म्हणाला, "वायर ओढायची." वायर शंभर मीटरपर्यंत कुरकुर करत नाही, आणि त्याच वायरीतून वीजही जाते. टोकाला पावसापाण्यात टिकणारा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतलं नेट वायफायनं पसरवणारा डबा, पडवीच्या वाशाला.

म्हणजे भिंतींना भोकं. "सासऱ्यांच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही," आई म्हणाली, आणि तो विषय मिटला.

दोन दिवस आम्ही भिंतींकडे बघत बसलो. मग आईलाच आठवलं की जुना फोन आला होता तेव्हा त्या लोकांनी वायरीसाठी भोकं पाडली होती, माजघरात एक आणि ओटीवर एक. ओटीवरचं फोटोच्या मागे सापडलं. पाली येऊ नयेत म्हणून त्यात चिंधी कोंबलेली. भाच्यानं पक्कडीनं ओढली, ती लांबतच गेली, आणि शेवटी हातात आला शाळेच्या गॅदरिंगला मी घातलेला जरीकाठी फेटा. त्या फेट्याची चौकशी मी आठवीत असताना केली होती. "घेतला असेल कुणीतरी," असं तेव्हा सांगण्यात आलं होतं.

तीन जूनला झोपाळ्यावर उणे 48 दिसलं. मी मांडी घालून बसलो, साहेबांना मागचा माड दाखवला, झोके घेत घेत तीन मीटिंगा केल्या. साहेबांनी उसासा टाकलेला मी ऐकला. आवाज इतका स्वच्छ होता.

सहा तारखेच्या सकाळी उठून बघतो तर झोपाळा नाही. कड्या काढून तो भिंतीला टेकवलेला. दोन गडी अंगणातून पडवीत लाकडं वाहत होते, आणि आई झापं कुठून बांधायची ते दाखवत होती. "मृग उद्यावर आलाय," ती म्हणाली. "सरपण काय तुझ्या ऑफिसात ठेवू?"

तेव्हापासून मी माजघरात बसतो, कपाटाला पाठ लावून, राउटरपासून दीड हातावर. बाहेर पाऊस कोसळतोय. परवा भाच्याचा फोन आला.

"मामा, पडवीत कसं काय आता?"

मी दारातून डोकावलो. वाशापर्यंत रचलेलं सरपण, वर ऊब शोधत बसलेलं मांजर, आणि त्याच्या डोक्यावर अ‍ॅक्सेस पॉइंटचा हिरवा दिवा.

"काड्याच काड्या आहेत रे," मी म्हटलं.