पाऊस गेला, वायपर चालूच

गाडी माझी नाही, हे आधी सांगून टाकतो. गाडी साडूची. साडू दुबईला असतो आणि त्याची सेकंडहँड, दोन सीटची, लालभडक स्पोर्ट्स कार घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. "बॅटरी बसेल रे, अधूनमधून फिरवत जा," असं म्हणून त्याने ती माझ्या गळ्यात बांधली. कंपनीचं नाव लिहीत नाही. साडू वाचतो.

तर परवा शनिवारी, कापूरबावडीला, मेट्रोच्या पुलाखाली ट्रॅफिक ठप्प. सकाळची सर येऊन गेलेली, लख्ख ऊन पडलेलं, आणि माझे वायपर चालू. दर पाच-सात सेकंदांनी कोरड्या काचेवरून कर्रर्र करत जायचे, खर्रर्र करत यायचे. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याचे दात आत्ताच शिवशिवले असतील.

उजवीकडे एक रिक्षा येऊन टेकली. चालक पन्नाशीचा, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी. मागे एक आजी, मांडीवर झाकण नसलेला कुकर धरून. स्पोर्ट्स कारमध्ये माणूस इतका खाली बसतो की रिक्षावाला म्हणजे माझ्या लेखी पहिला मजला. माझ्या डोळ्यांसमोर त्याची चप्पल होती.

"ओ साहेब, पाऊस गेला," वरून आवाज आला.

"माहितीये."

"मग बंद करा की."

"ते आपोआप बंद होतात."

त्याने वायपरच्या दोन फेऱ्या शांतपणे बघितल्या. "होत नाहीयेत."

आता खरं तर इथे मी काच वर करायला हवी होती. पण कोरड्या काचेवर वायपर चालवणारा माणूस चारचौघांत फार एकटा असतो हो. कुणालातरी पटवून द्यावंसं वाटतं की आपण खुळे नाही. म्हणून मी समजावायला घेतलं. आरशाच्या मागे काचेला आतून एक डबी चिकटवलेली आहे. ती काचेत तिरका उजेड सोडते, साधारण 45 अंशांत, डोळ्याला न दिसणारा, इन्फ्रारेड. काच कोरडी असेल तर तो उजेड बाहेर निसटू शकत नाही, बाहेरच्या पृष्ठभागावर आपटून आत परत येतो. डबी तो मोजत बसते. थेंब पडला की तेवढ्या जागेतून उजेड पाण्यात शिरतो आणि पसार होतो. परत येणारा उजेड घटला की डबी म्हणते, पाऊस. जितका जास्त घटेल आणि जितक्या भराभर घटेल, तितके वायपर जोरात.

(दहावीचं विज्ञान आठवत असेल त्यांच्यासाठी: काचेतून हवेत जाताना सुमारे 42 अंशांच्या पलीकडे प्रकाश बाहेर पडत नाही, पूर्ण परावर्तित होतो. काचेला पाणी लागलं की हीच मर्यादा 62 अंशांच्या आसपास जाते. 45 हा आकडा दोन्हींच्या मध्ये मुद्दाम निवडलाय. हुशारी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.)

रिक्षावाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे त्याला पाऊस दिसतच नाही. उजेड कमी आला की तो म्हणतो पाऊस."

"बरोबर."

"आणि उजेड दुसऱ्या कशाने कमी झाला तर?"

मी गप्प. हा प्रश्न सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या एकाही माणसाला पडला नव्हता.

"काय म्हणतायत रे ते?" मागून आजी.

"त्यांच्या गाडीला पाऊस ओळखायचं मशीन आहे, आजी."

"कितीला बसलं?"

मी आकडा सांगितला नाही. साडूने मला एकदा सांगितला होता, तो मी विसरायचा प्रयत्न करतोय.

"आणि ते एवढंच सांगतं? ओलं की सुकं?" आजी कुकर सावरत म्हणाल्या. "ते तर आमच्या दोरीवरचा टॉवेल सांगतो."

"माझं पण ऑटोमॅटिकच आहे," रिक्षावाला म्हणाला आणि त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. रिक्षा जुनी. काचेच्या वर आतल्या बाजूला एक छोटा दांडा होता. तो हाताने डावीकडे ढकलला की बाहेरचं पातं डावीकडे, उजवीकडे ढकलला की उजवीकडे. "पाऊस आला की हात आपोआप जातो. गेला की आपोआप खाली येतो. तीस वर्षांत एकदा चुकलेला नाही."

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ट्रॅफिक तसाही हलत नव्हता. हा दांडा म्हणजे जवळपास जगातला पहिला वायपर. अलाबामाच्या मेरी अँडरसन बाईंनी 1903 मध्ये पेटंट घेतलं ते याचंच: आत दांडा, बाहेर रबर लावलेला हात. न्यूयॉर्कला ट्रामचा चालक बर्फाळ पावसात काच पुसायला धडपडताना त्यांनी पाहिला होता. बाईंना त्यातून दमडी मिळाली नाही. एका कंपनीने तर या वस्तूला बाजारात काही किंमत नाही असं कळवलं होतं. पुढे रॉबर्ट कर्न्स नावाचा अमेरिकन इंजिनिअर आला. लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्याचा डावा डोळा गेला होता. पापणी सतत हलत नाही, थांबून थांबून मिटते, मग वायपरने का सतत हलावं, असं त्याच्या डोक्यात आलं. 1964 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, मोटार कंपन्यांनी कल्पना वापरली, आणि हा गृहस्थ आयुष्यभर कोर्टात उभा राहिला. फोर्डने 1990 मध्ये एक कोटी डॉलरहून जास्त मोजून प्रकरण मिटवलं. एवढी झुंज कशासाठी? तर दोन फेऱ्यांमधल्या थांब्यासाठी.

आणि तो थांबाच आता काढून घेतलाय! माझा खरा राग इथे आहे. पूर्वी स्टिअरिंगच्या बाजूच्या दांड्यावर चार खुणा असायच्या: बंद, थांबून थांबून, हळू, जोरात. साडूच्या गाडीत दुसऱ्या खुणेच्या जागी 'ऑटो' बसवलंय. थांबून थांबून हवं असेल तर डबीची मेहेरबानी. नाहीतर एकदम हळू, म्हणजे अखंड. "बंद करा की" म्हणणं सोपं आहे. पण मेट्रोच्या पुलाखाली पाऊस संपल्यावरही तासभर ठिबकत असतं, सिमेंटमिश्रित, गढूळ. बंद केलं की काच पांढरी, हळू केलं की रबर फाटतं. जे मधलं हवं ते दांड्यावर नाही. ते रिक्षावाल्याकडे आहे, त्याच्या मनगटात.

इकडे रिक्षावाल्याचं निदान झालं होतं. "काच तेलकट आहे तुमची. तंबाखू लावायला पाहिजे."

"नको नको."

"अहो, जुना उपाय आहे. आम्ही सगळे लावायचो. थेंब थांबतच नाही, पाणी सपाट पसरतं."

उपाय खरोखरच जुना आहे. कोकणात जाणारे ट्रकवाले अजूनही करतात. पण ती काच ट्रकची असते आणि तिच्यामागे इन्फ्रारेड डबी नसते. हे मी सांगेपर्यंत तो खाली उतरलाच होता. तळहातावर चुना लावायच्या आधीची तंबाखू. तिच्यावर त्याने बाटलीतलं पाणी शिंपडलं, मळली आणि माझ्या काचेला भिडला. गाडी एवढी बुटकी की मधोमध पोचायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत, उलट वाकावं लागलं.

"डबी इथेच ना?" काचेवर बोट टेकवून त्याने विचारलं. इथेच होती.

मग जे झालं ते मी आतून, हातभर अंतरावरून पाहिलं. तो चोळायचा. वायपर आला की हात उचलायचा, खालून पातं गेलं की पुन्हा चोळायचा. एकदाही बोट लागलं नाही. डबीला जे वेळेचं भान नाही ते या माणसाला जन्मजात होतं. आजी रिक्षेतून सूचना देत होत्या, "अजून वर, अजून वर, तिथे राहिलं." मागून हॉर्न. बाजूच्या बसमधून कुणीतरी मोबाईल बाहेर काढलेला.

आणि डबीला साक्षात्कार झाला. ओल्या तंबाखूचा थर बरोबर तिच्या तोंडावर. उजेड परत येईना. तिच्या हिशेबाने कापूरबावडीवर ढगफुटी झाली होती. दोन्ही वायपर एकदम पूर्ण वेगात सुटले, भर उन्हात, आणि तंबाखूच्या दोन तपकिरी कमानी काचभर ओढू लागले.

"बघा!" रिक्षावाला आनंदाने ओरडला. "एकदम फास्ट झालं! बसलं होतं मशीन."

तेवढ्यात पुढे रस्ता मोकळा झाला. त्याने हात पँटला पुसला, रिक्षेत बसला आणि गेला. आजींनी कुकर उचलून मला निरोप दिल्यासारखं केलं. पैसे वगैरे काही मागितले नाहीत, तेवढ्याने मला त्याच्यावर नीट चिडताही येत नाही. मी वायपर बंद केले आणि दोन कमानींच्या खालून, मान वाकवून, माजिवड्यापर्यंत गेलो.

डबी अशी का वागते ते सर्व्हिस सेंटरला कळायला हवं होतं. या सगळ्याच्या आधी पुढच्या डंपरमधून उडालेल्या खडीने काच तडकली होती, ती तिथेच बदलली होती. डबी आणि काच यांच्यामध्ये एक पारदर्शक जेलची चकती असते. मध्ये हवा राहिली तर उजेड भलतीकडेच जातो आणि डबी गोंधळते, म्हणून काच बदलली की चकतीही नवी लावायची असते. मी मोबाईलचा टॉर्च मारून बाहेरून पाहिलं. चकतीत बुडबुडे. एक मोठा, बाजूला दोन बारीक. कडेला जुन्या काचेवरचा धुळीचा काळा पट्टा तसाच. म्हणजे जुनीच उचलून चिकटवलेली.

"सर, सेन्सर ओके दाखवतोय," सल्लागार लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाला.

"पण हे बुडबुडे?"

"ते सगळ्या गाड्यांना असतात सर. ॲक्च्युअली ठाण्याचा पाऊस थोडा वेगळा आहे."

ठाण्याचा पाऊस वेगळा! 1951 मध्ये जनरल मोटर्सने ल सेबर नावाची उघडणाऱ्या टपाची गाडी प्रदर्शनात आणली होती. पाणी पडलं की सीटच्या मधल्या सेन्सरला कळायचं आणि टप आपोआप वर यायचा. 1970 ची सिट्रोएन एसएम, मासेरातीचं इंजिन घातलेली, तिचा वायपर मोटर किती वीज ओढते त्यावरून काच ओली की सुकी ते ओळखायचा. कोरड्या काचेवर घासून चालायला वीज जास्त लागते, एवढं साधं. त्या गाडीला पन्नासहून जास्त वर्षं झाली. आणि यांची आजची गाडी भर उन्हात कोरडी काच घासते, वर दोष आमच्या पावसाचा. खड्डे आमचे, धूळ आमची, मेट्रोचं ठिबकणं आमचं, ते मान्य. पण गाडी विकताना शोरूमला हे सगळं दारातूनच दिसत होतं की. तेव्हा नाही कुणी म्हणालं, साहेब, तुमच्या रस्त्याला हे चालायचं नाही.

शेवटी भांडून चकती बदलून घेतली. बिल आलं. चकती, मजुरी, "काच विशेष स्वच्छता", आणि वायपरची दोन रबरं. रबरं वॉरंटीत बसत नाहीत, कारण ती म्हणे वापराने झिजणारी वस्तू. मी विचारलं, कोरड्या काचेवर वापर कुणी केला? मी तर दांड्याला हात लावला नव्हता. सल्लागार हसला आणि म्हणाला, फीडबॅकचा फोन येईल, पाचपैकी पाच द्या सर, चार दिले तरी आम्हाला शून्यच धरतात.

बिलाचा फोटो साडूला पाठवला. त्याने लगेच अंगठा दाखवला. पैसे अजून यायचेत.