वाण्याची वही

खरं बोलून जगलं की मन हलकं राहतं आणि आजूबाजूची माणसंही मोकळी होतात, असं एका लेखात वाचलं आणि ते मनापासून पटलं. आम्ही लालबागच्या चाळीतले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. दोन-तीन महिन्यांत घरोघरी चणचण, पण बोलायचं कोणी नाही. शेजारचे काका तर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, कुठेतरी काम लागलंय असं दाखवायला.

बाबा मात्र सरळ वाण्यासमोर उभे राहिले. "पगार नाही. कधी मिळेल सांगता येत नाही. तांदूळ हवेत." वाण्याने लाल कापडी वही उघडली, नाव लिहिलं आणि पाच किलो तांदूळ मोजले. वर येऊन बाबांनी हे गॅलरीत सगळ्यांदेखत सांगितलं. त्या रात्री ते कितीतरी दिवसांनी गाढ झोपले, आई अजून सांगते.

आठवड्याभरात काकाही दाराशी येऊन खरं काय ते बोलले. मग आई आणि काकू मिळून खानावळीचे डबे करायला लागल्या. लपवण्यात जो जीव जातो ना, तो असा कामाला लागलेला मी पाहिलाय. ती उधारी फिटायला चार वर्षं लागली. आमच्या नावावर वाण्याने मारलेली शेवटची काट अजून डोळ्यांसमोर आहे.