भिंतीवर नाव कोणाचे? नाशिकच्या क्रीडा सन्मानदालनावरून कट्ट्यावर झालेला वाद

नाशिकच्या खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची नावे कायम राहतील असे एखादे क्रीडा सन्मानदालन शहरात असावे, या सूचनेला आमच्या कट्ट्यावर कोणाचाच विरोध नव्हता. वाद पेटला तो पहिली यादी करायला बसल्यावर. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, सकाळच्या फेऱ्या संपवून बाहेर चहाला थांबणारी आमची मंडळी या ना त्या नात्याने खेळाशी बांधलेली आहे. अण्णा तरुणपणी कबड्डी खेळत आणि आता रविवार कारंजाजवळचे दुकान सांभाळतात. सर एका शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले. वकीलसाहेबांना कोणत्याही विषयात आधी नियम शोधण्याची सवय आहे. आणि ताईंची मुलगी नेमबाजीचा सराव करते. टिपणे काढण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले.

पहिली नावे अण्णांनी एका दमात सांगितली. सावरपाड्याची कविता राऊत, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आणि बुद्धिबळातला विदित गुजराथी. आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविताने २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. विहिरी खोदण्याच्या कामावर जाणारा चांदवड तालुक्यातला दत्तू लष्करात गेल्यावर वल्हवायला शिकला, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला पोहोचला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदकाचा मानकरी झाला. विदित २०२४ मध्ये टोरांटोला, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत खेळला आणि त्याच वर्षी बुडापेस्टला बुद्धिबळ ऑलिंपियाड जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. या नावांना हरकत घेणार कोण?

हरकत सरांनी घेतली. "अण्णा, कविताला आणि दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळालेला आहे. विदितचे नाव जगभरच्या बुद्धिबळपटूंना पाठ आहे. देशाने ज्यांना ओळखले त्यांनाच आपण पुन्हा हार घालणार असू, तर या दालनाची गरज काय?"

अण्णांना हे अजिबात पटले नाही. आपल्या माणसाचा मान आपल्या गावात झाला नाही तर दिल्लीत झालेला मान अपुराच राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय दालनात शिरणाऱ्या शाळकरी मुलाला ओळखीचे नाव दिसले नाही तर तो दुसऱ्या फळ्यासमोर थांबणारच नाही. दोघांचेही खरे होते, पण माझा कौल सरांच्या बाजूला झुकला. मोठी नावे दालनात हवीतच. मात्र ती मिळवायला कोणाला कष्ट पडत नाहीत. शोधून काढावी लागतील अशी नावे तिथे किती असतील, यावरच दालनाची किंमत ठरेल, असे मला तेव्हाही वाटले आणि पुढची सगळी चर्चा ऐकून ते मत अधिक पक्के झाले.

मग 'आपला' कोण हा प्रश्न आला आणि वकीलसाहेब खुलले. हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरी झाला तो नाशिकचा मल्ल म्हणून, पण त्याचे गाव नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. तो नाशिकजवळच्या भगूरच्या तालमीत घडला आणि पुढे पुण्यात कुस्ती प्रशिक्षक काका पवारांकडे गेला. त्याच्यासमोर अंतिम फेरीत उभा असलेला लातूरचा शैलेश शेळकेही काका पवारांचाच पठ्ठा. "आता सांगा, गदा कोणाची? अकोल्याची, भगूरची की पुण्याची?" वकीलसाहेबांनी विचारले. अण्णांचे उत्तर तयार होते: ज्या मातीत अंग मुरले त्या मातीची. जन्मगावाचा दाखला न मागता, खेळाडूने किंवा प्रशिक्षकाने नाशिक जिल्ह्यात काही वर्षे सराव केला, खेळ केला किंवा शिकवले एवढीच अट ठेवावी, यावर फारशी खळखळ न होता एकमत झाले. वर्षे किती, हे मात्र मोकळे राहिले.

खरी चकमक झाली ती प्रशिक्षकांवरून. खेळाडूच्या फोटोखाली 'मार्गदर्शक' म्हणून प्रशिक्षकाचे नाव लिहिले की पुरे, असे अण्णा म्हणाले आणि सर अक्षरशः उठून उभे राहिले. कविता राऊतचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग बाहेरून येऊन नाशिकमध्ये राहिले, भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर त्यांनी एकामागून एक लांब पल्ल्याचे धावपटू तयार केले. अशा माणसाचे नाव एका शिष्येच्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहिणे हा त्याचा मान झाला का, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी ग्वांगझूची शर्यत आठवली. २०१० च्या त्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्या संपल्या तेव्हा केरळची प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत पहिली आली आणि कविता ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत दुसरी. एका सेकंदाहूनही कमी अंतराने सुवर्ण हुकले. "ते अंतर शर्यतीत दिसते," सर म्हणाले, "पण डोंगरातल्या मुलीला या दोघींतली एक होण्यापर्यंत आणायला जी वर्षे लागतात ती कोणत्याही निकालपत्रकावर नसतात. ती वर्षे प्रशिक्षकाची असतात."

वकीलसाहेबांनी इथे एक अडचण दाखवली. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून दिला जातो, पण तिथे प्रशिक्षकाची योग्यता मुख्यतः शिष्यांच्या आंतरराष्ट्रीय यशावर जोखली जाते. तोच निकष आपण लावला तर तालुक्याच्या शाळेत पोरांना पहिल्यांदा पळायला शिकवणारा शिक्षक कधीच दालनात येणार नाही, कारण चांगला पोरगा दिसला की तो दोन वर्षांत क्रीडा प्रबोधिनीत किंवा लष्करात जातो आणि पुढचे श्रेय पुढच्या माणसाला मिळते. उलट हा निकष काढला तर पदक मिळताच 'याला मीच घडवले' म्हणणाऱ्यांची रांग लागेल. ही रांग आम्ही सर्वांनीच पाहिलेली आहे; विमानतळावर हार घेऊन सर्वांत पुढे उभा असलेला माणूस मैदानावर क्वचितच दिसलेला असतो.

ताई बराच वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "प्रशिक्षकाचा पुरावा त्याच्या शिष्यांकडून मागा, पण पदक मिळवलेल्या शिष्यांकडून मागू नका. जे हरले, ज्यांनी खेळ सोडला, त्यांना विचारा की या माणसाने तुम्हाला काय दिले." त्यांनी नाव घेतले ते मोनाली गोऱ्हे यांचे. नाशिकमध्ये नेमबाजी शिकवणाऱ्या आणि पुढे राष्ट्रीय पिस्तूल संघाच्या प्रशिक्षकांत गणल्या गेलेल्या मोनालीताई मे २०२१ मध्ये करोनानंतरच्या आजारात गेल्या. त्यांच्याकडून शिकलेल्या मुलींमधल्या सगळ्याच काही भारतीय संघात गेल्या नाहीत, पण श्वास रोखून धरायचा कसा आणि वाईट गोळी विसरायची कशी, हे त्या आजही दुसऱ्यांना शिकवतात. ताईंच्या या सूचनेत मला त्या सकाळची सर्वांत कामाची गोष्ट सापडली. प्रशिक्षकाच्या अर्जासोबत निरनिराळ्या वर्षांतल्या शिष्यांची लेखी निवेदने घ्यावीत आणि त्यातली निम्मी तरी पदक नसलेल्यांची असावीत, असे मी टिपून घेतले.

त्यातूनच भीष्मराज बाम यांचा विषय निघाला. पोलीस सेवेतून निवृत्त होऊन नाशिकमध्ये राहिलेले बामसर २०१७ मध्ये जाईपर्यंत खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेत होते. नेमबाजांपासून राहुल द्रविडसारख्या क्रिकेटपटूपर्यंत अनेकांनी त्यांचा आधार घेतला. ते मैदानावर शिट्टी वाजवणारे प्रशिक्षक नव्हते आणि दालनात खेळाडू म्हणूनही बसणारे नव्हते. त्यांना कोणत्या फळ्यावर लावायचे? अण्णा म्हणाले, वेगळा फळा करा. वकीलसाहेब म्हणाले, एका माणसासाठी प्रवर्ग केला की उद्या प्रत्येक मंडळाचा अध्यक्ष 'क्रीडाक्षेत्रातील योगदान' या नावाखाली आत येईल. ही भीती रास्त आहे. खेळाडूंबरोबर प्रत्यक्ष काम केलेली माणसे, मग ते मानसतज्ज्ञ असोत, पंच असोत की मैदानाची खेळपट्टी राखणारे, एका प्रवर्गात घ्यावीत आणि निव्वळ पद भूषवलेल्यांना तो प्रवर्ग बंद ठेवावा, असे शेवटी ठरले. पद भूषवणाऱ्यांना नाहीतरी कोनशिला असतातच.

वकीलसाहेबांनी अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सन्मानदालनाचे नियम वाचलेले होते. तिथे किमान दहा हंगाम खेळलेला खेळाडू निवृत्तीनंतर पाच वर्षांनी मतदानाला पात्र होतो, क्रीडा पत्रकार मत देतात आणि पंचाहत्तर टक्के मते पडल्याशिवाय कोणी आत येत नाही. पाच वर्षांच्या अटीवर अण्णा भडकले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचे कांस्यपदक आणले, १९८४ मध्ये ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटून गेल्यावर. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन आहे, पण तो पाहायला खाशाबा नाहीत. "आपल्याकडे वाट पाहायला लावायची गरज नसते, साहेब, आपोआपच पाहावी लागते," असे अण्णा म्हणाले. खेळाडूंना निवृत्तीनंतर थोडे थांबवावे, पण साठी ओलांडलेल्यांना आणि प्रशिक्षकांना थांबण्याची अट नसावी, हा तोडगा ताईंनी काढला.

दिलेले नाव काढून घेता येईल का, यावर मात्र तोडगा निघाला नाही. पीट रोझ या बेसबॉलपटूवर सट्टेबाजीमुळे १९८९ मध्ये बंदी आली आणि बंदी असलेल्यांना दालनाचे दार बंद करणारा नियम १९९१ मध्ये झाला. २०२४ मध्ये तो वारला आणि बंदी उठली ती २०२५ मध्ये. उत्तेजकांच्या प्रकरणात सापडलेल्याला आपण घ्यावे का, शिक्षा भोगून परत आल्यावर घ्यावे का, यावर सर कठोर होते आणि ताई नव्हत्या. औषधाची बाटली कोणी हातात दिली, याची चौकशी कधी प्रशिक्षकापर्यंत जाते का, असे ताईंनी विचारले तेव्हा सरांनाही लगेच उत्तर देता आले नाही.

सांघिक खेळांचा प्रश्न सरांनी सोबतच्या पिशवीतूनच बाहेर काढला. त्यात खो-खोची जुनी गुणपत्रके होती, कडा कुरतडलेली, काही कार्बन कागदाच्या प्रती असल्याने निळसर झालेली. प्रत्येक डावात एक पाळी आक्रमणाची आणि एक संरक्षणाची. प्रत्येक गडी किती मिनिटे आणि किती सेकंद पळाला आणि त्याने किती गडी टिपले, हे नावापुढे लिहिलेले. एका मुलीच्या नावापुढे नऊ मिनिटांच्या पाळीतली चार मिनिटांहून अधिक पळती होती, आणि तीही तीन सामन्यांत. तिचे आडनाव लग्नानंतर बदलले, ती आता कुठे आहे हे सरांना ठाऊक नाही, आणि तिच्या शाळेने आपला विजेत्यांचा फळा रंगकामात चुन्याखाली घातला आहे. रणजी खेळलेल्या गोलंदाजाचा प्रत्येक बळी शोधता येतो. खो-खो आणि कबड्डीत जिल्ह्याचे नाव राखणाऱ्यांचा पुरावा अशा पिशव्यांमध्ये आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांमध्ये आहे, आणि तो दर पावसाळ्यात कमी होतो आहे.

म्हणून माझे म्हणणे मी तिथेच मांडले: आधी भिंत बांधू नये. पहिले वर्षभर फक्त नोंदी गोळा कराव्यात, गुणपत्रकांचे फोटो काढावेत, जुन्या क्रीडाशिक्षकांची आणि पंचांची तोंडी माहिती ध्वनिमुद्रित करावी, आणि हे सगळे एखाद्या वाचनालयात सर्वांना पाहता येईल असे ठेवावे. अण्णांना हे वेळकाढूपणाचे वाटले. सिंहस्थाची कामे सुरू असताना पैसा आणि लक्ष दोन्ही तिकडे आहे, तेव्हा आत्ता निदान पाच फोटो लावून टाकावेत, एकदा भिंत झाली की नोंदी मागून येतील, असे ते म्हणत होते. भिंत झाल्यावर नोंदी मागून आल्याचे एकही उदाहरण त्यांना देता आले नाही.

निवड समितीबद्दल फार वेळ गेला नाही. नगरसेवक, देणगीदार आणि संघटनांचे विद्यमान पदाधिकारी नकोत. ज्याचा शिष्य किंवा नातेवाईक यादीत असेल त्याने त्या नावाच्या वेळी उठून जावे. तीन चतुर्थांश मते आवश्यक ठेवावीत. सरांनी समितीत येण्यास नकार दिला, कारण त्यांचे अर्धे विद्यार्थी यादीत येण्याजोगे आहेत आणि त्यांना सारखे उठून जावे लागेल.

पुढच्या रविवारी वकीलसाहेब मसुदा आणणार आहेत. पहिल्या वर्षी पाचच नावे घ्यायची आणि त्यातली किमान दोन प्रशिक्षकांची असावीत, हे कलम त्यात घालायचे ठरले आहे. नोंदी आधी की फोटो आधी, यावर मतदान घेतले तेव्हा तीन विरुद्ध एक असा निकाल लागला. विरोधातले मत आपले आहे हे मसुद्यात नावासह लिहा, असे अण्णांनी दोनदा बजावले आहे.